मी दोन मिलिमीटर खोटे बोललो

मी एक जुना जबडा आहे. दचकू नका, मित्रांनो. मी हाडामांसाचा नाही, पांढऱ्या प्लास्टरचा आहे, आणि तोही नुसता वरचा. खालचा मला कधी नव्हताच, त्यामुळे तोंड उघडून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. चार महिन्यांच्या एका मुलीच्या तोंडाचे छप्पर आतून जसे होते, हुबेहूब तसा मी आहे. निदान असायला हवा होतो. काडेपेटीत ठेवलेत तर मी सहज मावेन. माझ्यात एकही दात नाही. दातवाल्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, आज एका बोळक्याचे ऐका.

आधी एक काम करा. जीभ वर टाळूला लावा आणि हिरडीच्या मागून डावीकडून उजवीकडे फिरवा. एक सलग कमान लागते ना? ती आपोआप झालेली नाही. आईच्या पोटात तुम्ही वाटाण्याएवढेही नव्हता, तेव्हा तुमच्या चेहऱ्याचे तुकडे दोन्ही बाजूंनी निघाले, मध्ये आले आणि एकमेकांना भेटले. त्यांना वाट कोणी दाखवली, वेळ कोणी सांगितली, हे मला अजून कळलेले नाही. मी इतकी वर्षे त्याच विचारात बसून आहे आणि दर वेळी थक्क होतो. कधी कधी मात्र ही भेट चुकते. त्यात कोणाचा दोष नसतो. मग बाळाचा ओठ दुभंगलेला राहतो, हिरडीत फट राहते आणि टाळूही मागपर्यंत उघडी राहते.

माझ्या मुलीचे तसेच झाले होते. डाव्या बाजूला ओठापासून आतपर्यंत फट होती. तिला सगळे मुंगी म्हणत. चोखता येत नसल्याने दूध थेंबाथेंबाने जायचे, अर्धे नाकातून परत यायचे, पण ही काही हार मानायची नाही. पुन्हा आपली तोंड पुढे करायची.

मुंगीची आई शिवणकाम करायची. गळ्यात मापाची टेप आणि ओढणीला टाचण्या, अशीच ती दवाखान्यात यायची. मुंगी नऊ दिवसांची असताना तिला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे आणले, तेव्हा आई गोंधळून म्हणाली होती, "अहो, पण हिला दात कुठंत?"

"दात आहेत, ताई. हिरडीत झोपलेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना उठल्यावर उभं राहायला जागा हवी ना? ती जागा आपण आत्ताच मोजायची."

या डॉक्टर मोठ्या हुशार आणि मापाच्या पक्क्या. त्या सेंटीमीटरमध्ये बोलतच नसत. चहासुद्धा त्यांना मिलिलिटरमध्ये लागतो, असे लोक म्हणत. माघारी त्यांचे नाव 'मिलीमॅडम' पडले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी मुंगीच्या टाळूवर बसेल अशी पातळ प्लेट करून दिली आणि आईला रोज एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत ओठावरून चिकटपट्टी लावायला शिकवले. प्लेटमुळे जीभ फटीत शिरत नाही. पट्टीच्या हलक्या ताणाने हाडाचे दोन तुकडे हळूहळू जवळ येतात. मित्रांनो, चिकटपट्टीने हाड सरकते! मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण बाळाचे हाड कोवळे असते आणि त्याला कुठे जायचे ते माहीत असते, फक्त कोणीतरी रोज आठवण करून द्यावी लागते.

आता माझ्या जन्माकडे येतो. मुंगी चार महिन्यांची होत आली होती. ओठाच्या ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांवर होती आणि त्याआधी जबड्याचे माप घ्यायचे होते. आईने मुंगीला हातावर पालथे धरले. मॅडमनी गुलाबी मऊ लगदा तिच्या टाळूवर दाबला. मुंगीने जो टाहो फोडला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. आई घाबरली.

"रडू दे, रडू दे," मॅडम म्हणाल्या. "रडतेय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प झाली तर मला घाम फुटेल."

खोलीतली सगळी माणसे त्या रडण्याकडे कान लावून उभी होती, आणि रडणे थांबू नये असे प्रत्येकाला वाटत होते. अशी खोली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तो लगदा घट्ट झाला, बाहेर आला आणि शेजारच्या खोलीत गेला. तिथे गवंडीकाका होते. ते खरे गवंडी नव्हेत, दवाखान्यातले तंत्रज्ञ. पण सतत प्लास्टर कालवून त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. रबरी वाडग्यात त्यांनी पाणी घेतले, भुकटी टाकली, घोटली आणि ते मिश्रण लगद्याच्या खाचेत एका टोकाने सोडले. त्यांची पद्धत अशी, की एकाच टोकाने ओतायचे आणि बोटाने टकटक करत राहायचे. प्लास्टर कमानीतून पुढे सरकते, हवेला पुढे ढकलत नेते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढते. हजारो जबडे त्यांनी असेच ओतले होते.

प्लास्टर घट्ट होताना गरम होते, हे तुम्हाला माहीत आहे का? मी जन्मलो तेव्हा ताप आलेल्या बाळासारखा कढत होतो. गवंडीकाकांनी मला लगद्यातून सोडवले, तळहातावर घेतले, वळवून पाहिले आणि फुंकर मारली. नोंदीच्या मॉडेलवर सुरी चालवायची नाही आणि भर घालायची नाही, असा तिथला कडक नियम होता. जसे निघाले तसे ठेवायचे. म्हणून मला कोणी हात लावला नाही. मी फार खूश होतो. मला वाटले, माझ्याइतके खरे जगात काही नसेल.

मग मिलीमॅडमनी मला उजेडात धरले आणि टोकदार पेन्सिलीने माझ्यावर ठिपके काढले. पुढे सुळे येणार तिथे दोन, मागे कमान संपते तिथे दोन आणि फटीच्या दोन्ही कडांना एकेक. पोलादी मापणीची दोन टोके त्या ठिपक्यांवर टेकवून त्यांनी पुढची रुंदी, मागची रुंदी, कमानीची खोली आणि शेवटी फट मोजली. रोज एकदा, असे तीन दिवस, आधीचे आकडे झाकून. तिन्ही दिवशी फट एकच आली. साडेअकरा मिलिमीटर.

माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ ठेवलेला होता. मुंगी नऊ दिवसांची होती, तेव्हाचा तो जबडा. त्याची फट होती बारा. चार महिने पट्टी लावून, प्लेट घालून फट फक्त अर्धा मिलिमीटर मिटली होती. ओठ शिवणाऱ्या सर्जननी सांगितले होते, की दहाच्या आत आली तर तारीख पक्की. टाक्यांवर ताण आला तर ओठ उसवतो. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई आली. मुंगी मांडीवर होती, ओठावर पट्टी व्यवस्थित लावलेली होती.

"ताई, पट्टी रोज लावता ना?"

"रोज लावते, मॅडम."

"आणि प्लेट? रडते म्हणून काढून ठेवत असाल."

"धुवायला काढते. तेवढीच."

"मग फट सरकली का नाही?" मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. "अर्धा मिलिमीटर, ताई. कुठंतरी हयगय झालीय. ऑपरेशन तीन महिने पुढं न्यावं लागेल."

आईने मुंगीला जवळ ओढले. मग हळूच म्हणाली, "हिच्या बाबांनी रजा टाकलीय. त्यांना परत एवढ्यात मिळायची नाही." आणि आणखी हळू, "पट्टी ओली व्हायची कधी कधी. दुसरी लावायला उशीर झाला असेल माझ्याकडून."

मित्रांनो, तिने दोष घेऊन टाकला. भांडली नाही, रडली नाही. चार महिने जिने डोळ्यांत तेल घालून एक एक पट्टी लावली, ती आठवून आठवून आपली चूक शोधू लागली. मी समोरच पडलो होतो आणि मला वाटत होते, आकडा माझ्या अंगावर आहे म्हणजे तो खराच असणार. इतका मूर्ख मी होतो.

मॅडमनी तिला पटावे म्हणून मला उचलून तिच्या हातात दिले. "बघा. ही फट."

तिचा तळहात ऊबदार होता. जन्मानंतर मला पहिल्यांदा ऊब मिळाली. तिने माझ्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. डोळे भरलेले असावेत. पण दूध पाजून झाल्यावर करंगळीला मऊ फडके गुंडाळून मुंगीचे तोंड आतून पुसायची तिला सवय होती, दिवसातून आठ-आठ वेळा. तिची करंगळी आपोआप माझ्यावर फिरू लागली. उजवीकडून निघाली, टाळूवरून गेली, फटीच्या कडेला आली आणि थांबली. परत मागे गेली. परत आली, परत थांबली.

"मॅडम, माप कुठून कुठपर्यंत घेतलंत?"

"ह्या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत. तीनदा."

"हा ठिपका खड्ड्यात आहे," आई म्हणाली. "माझ्या मुंगीला इथं खड्डा नाही. इथं भरीव आहे, गोल. मला माहितेय."

"ताई, ती हिरडीची कड आहे. मी भिंगाखाली पाहिलंय."

"असेल. पण मापाची टेप तिन्ही वेळा चुकीच्या जागी लावली, तर माप तिन्ही वेळा तेच येतं, मॅडम. मीसुद्धा एक अख्खा सदरा बिघडवलाय तसा." मग ती मांडीवरच्या मुंगीकडे बघून म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? ही काय इथंच आहे."

मिलीमॅडम उठल्या. त्यांनी हात धुतले. मुंगीच्या ओठावरची पट्टी सोडवली, प्लेट काढली आणि करंगळी तिच्या तोंडात घातली. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात मिलिमीटर मोजता येत नाहीत, म्हणून तर आम्हाला घडवतात. पण खड्डा आहे की नाही, ते बोटाला कळते. मॅडमचे बोट फटीच्या कडेशी गेले. मुंगीला वाटले दूध आले. तिने दोन्ही हिरड्यांनी ते बोट घट्ट धरले आणि चोखायचा प्रयत्न करू लागली. मॅडम तशाच वाकून उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"भरीव आहे," त्या म्हणाल्या.

गवंडीकाकांना हाक गेली. त्यांनी मला भिंगाखाली धरले आणि त्यांचा चेहरा भुवयांइतका पांढरा झाला. "बुडबुडा आहे हा, मॅडम. हवा अडकलीय." मग स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "अडकणारच. मी एका टोकानं ओतलं. सलग कमानीत हवा पलीकडून पळते. हिची कमान मध्येच तुटलेली. प्लास्टर फटीपाशी आपटलं आणि हवा तिथंच कोपऱ्यात कोंडली. हजार जबडे ओतले मी, आणि एवढं सुचलं नाही."

तेव्हा मला कळले, की माझ्या अंगावरची ती छोटी खाच मुंगीची नव्हती. ती नुसती हवा होती. मी खोटा होतो. फक्त दोन मिलिमीटर. मोहरीचा एक दाणा मावेल एवढीच जागा. पण तेवढ्याशा जागेत एका आईची चार महिन्यांची मेहनत बुडाली होती.

मुंगीचे माप पुन्हा घेतले. तिने पुन्हा टाहो फोडला आणि सगळ्यांना पुन्हा हायसे वाटले. या वेळी काकांनी आधी बारीक ब्रशने फटीच्या कडांना प्लास्टर चोपडले, मग दोन्ही टोकांनी थेंब थेंब सोडले. माझा जुळा भाऊ जन्मला. तो खरा होता. त्याला मोजताना आई खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत, सोडत होती. मॅडमनी या वेळी तीन दिवस थांबायचा नियम मोडला. तिथल्या तिथे तीनदा मोजले.

"साडेनऊ," त्या म्हणाल्या. "ताई, साडेनऊ! अडीच मिलिमीटर सरकलंय हाड. तुमच्या पट्टीनं." मग मापणी खाली ठेवून म्हणाल्या, "हयगय झाली होती. पण ती इथं झाली होती. माझं चुकलं."

आईने मान हलवली. "मी तर मान्यच करून टाकलं होतं, मॅडम," ती म्हणाली. एवढे बोलून ती मुंगीच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली, आणि मुंगी तिचे केस ओढू लागली.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झाले.

गवंडीकाका मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार होते. ते बरोबरच होते, चुकीच्या जबड्याचा काय उपयोग? पण मॅडमनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले आणि आपल्या टेबलावर ठेवले. त्या दिवसापासून तिथे नवा नियम झाला. बाळाचे मॉडेल तयार झाले, की मापणी लावण्याआधी ते त्याच्या आईच्या हातात द्यायचे. आईने बोट फिरवायचे. बाप तोंड पुसत असेल तर बापाने फिरवायचे. त्यांनी 'बरोबर आहे' म्हटल्यावरच ठिपके काढायचे.

टेबलावर बसून मी जे पाहिले, ते आता सांगतो. शिवलेला ओठ घेऊन मुंगी आली, तेव्हा ती माझ्यासमोर हसली आणि हसू दोन्हीकडे सारखे पसरले. पण खरे आश्चर्य आत चालले होते. ओठ जोडला गेला तसा त्याचा स्नायू कामाला लागला. ती हसली, रडली, फुर्र करून थुंकी उडवली, की तो ओठ आतल्या हाडाला हलकेच दाबायचा. ती एक वर्षाची झाली तेव्हा पुन्हा माप घेतले. फट चारच्याही आत आली होती आणि मागची रुंदी वाढली होती. मॅडमनी आकडा लिहिला आणि मापणी हातात तशीच धरून बसल्या. "मी काहीच केलं नाही हो, काका," त्या म्हणाल्या. "ओठानं केलं सगळं." इतकी शिकलेली बाई, पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा शाळेतल्या पोरीचे नवल होते. पुढे टाळूही शिवली आणि हिरडीतली उरलेली फटही बुजवली. माझे धाकटे भाऊ जन्मत गेले, आणि प्रत्येक धाकटा माझ्यापेक्षा मोठा! आमच्या घराण्यात वय उलटे चालते. मी होतो तेवढाच राहिलो आणि ती मात्र वाढत गेली.

नंतर दिवस बदलले. पेनासारखा एक कॅमेरा आला. तो तोंडात फिरवला, की जबडा पडद्यावर उमटतो. लगदा नको, रडणे नको. चांगले झाले, मी त्याला नावे ठेवणार नाही. गवंडीकाका निवृत्त झाले, वाडगी पालथी पडली, भावांची खोकी माळ्यावर गेली. मी कागद उडू नयेत म्हणून वापरात आलो. कोणी माझ्या फटीत पेनाचे टोपण खोवून ठेवी. एकदा खाली पडलो आणि मागचा एक कोपरा उडाला. तेव्हा वाटले, संपले आपले.

पण परवाचीच गोष्ट. मुंगी आली होती, आता नऊ वर्षांची, पुढचा एक दात जरा तिरका म्हणून तो दाखवायला. त्याच वेळी दुसरी एक बाई आत आली. तिच्या कुशीत आठवड्याचे बाळ होते आणि त्याचे तोंड तिने पदराखाली झाकलेले होते. मॅडम तिला पट्टी आणि प्लेट समजावून सांगत होत्या, पण तिच्या कानात काही शिरत नव्हते. मॅडमनी मला तिच्या हातात दिले, तर ती हात मागे घ्यायला लागली.

"धरा ना, चावत नाही तो," मुंगी म्हणाली. "तो मी आहे. चार महिन्यांची."

त्या बाईने माझ्याकडे पाहिले, मुंगीकडे पाहिले. मुंगी जवळ गेली, मान मागे टाकली आणि 'आ' करून मोठे तोंड उघडले. वरची सलग कमान, तिच्यात ओळीने उभे राहिलेले दात, आणि मागपर्यंत मिटलेली गुलाबी टाळू, मधोमध एक फिकट रेघ. मीही खालून पाहिले. नऊ वर्षांत मला तो नजारा एवढ्या जवळून कधी मिळाला नव्हता. ती बाई वाकून बघत राहिली आणि तिच्या हाताची पकड माझ्यावर घट्ट झाली.

"दुखलं होतं का गं तुला?" तिने विचारले.

"काय माहीत!" मुंगीने खांदे उडवले. "मला काहीच आठवत नाही. आईला विचारा. तिला सगळं पाठ आहे."

मुंगीची आई मागे खुर्चीत बसली होती. तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली, आणि त्या बाईला बसायला जागा केली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे काम झाले. पण तुमचाही एक काळ असा आहे, जो तुम्हाला आठवत नाही. तेव्हा तुम्ही काय प्यायलात, कशाने रडलात, किती वाढलात, हे कोणीतरी बोटाने चाचपून लक्षात ठेवले आहे. आज घरी गेलात की त्या माणसाला विचारा. आणि ते सांगू लागले, की मध्येच उठून जाऊ नका.